अल्टिमीटरची समुद्रपातळी थेट मॉडेलला देऊ नका

समुद्राच्या संगणकीय मॉडेलच्या फाईलमध्ये एसएसएच (समुद्रपृष्ठाची उंची) नावाचं व्हेरिएबल असतं, अल्टिमीटरच्या, म्हणजे रडारने समुद्राची उंची मोजणाऱ्या उपग्रहाच्या, फाईलमध्येही असतं, आणि दोन्हींचं एकक मीटर. मग एकातून दुसरं वजा केलं जातं. फरक दहा-वीस मीटरांचा निघाला की त्याला 'बायस' म्हणून दोन्हींची सरासरी काढून टाकतात आणि काम पुढे रेटतात. हे इतक्या वेळा दिसतं की एकदा नीट लिहायलाच हवं: सरासरी काढून हा फरक जात नाही, कारण तो एक आकडा नाही. तो जागोजागी बदलतो, आणि त्याचा उतार समुद्राच्या खऱ्या उतारापेक्षा कितीतरी तीव्र असतो.

मॉडेलची बाजू तुम्हाला पाठ असेल, म्हणून दोनच वाक्यं. मॉडेलमध्ये गुरुत्व सरळ खाली, म्हणजे z-अक्षाच्या दिशेने धरलेलं असतं, त्यामुळे z = 0 ही पातळी आपोआप जिऑइड, म्हणजे गुरुत्वाला सगळीकडे लंब असलेली स्तब्ध पाण्याची पातळी, ठरते. पाणी स्तब्ध आणि घनता सगळीकडे सारखी असेल तर ईटा, म्हणजे z = 0 पासूनची पृष्ठभागाची उंची, सर्वत्र शून्य. खऱ्या समुद्रात तिची दीर्घकालीन सरासरी साधारण उणे दीड ते अधिक दीड मीटरच्या टप्प्यात राहते.

अल्टिमीटरला जिऑइड ठाऊकच नसतो. जेसन मालिका आणि सेंटिनेल-6 सुमारे 1336 किमी उंचीवरून रडारचा स्पंद खाली सोडतात आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून पाण्यापर्यंतचं अंतर काढतात. कक्षेच्या उंचीतून ते अंतर वजा केलं की समुद्रपातळी मिळते. पण कक्षेची उंची मोजलेली असते एलिप्सॉइडपासून, म्हणजे गणिताने ठरवलेल्या गुळगुळीत चपट्या गोलापासून. (कोरड्या हवेचं 2.3 मीटरच्या आसपासचं करेक्शन, बाष्प, आयनोस्फिअर, लाटांचा परिणाम हे सगळं तयार उत्पादनात आधीच झालेलं असतं. त्यात हात घालू नका.)

आता मुख्य मुद्दा. एलिप्सॉइड आणि जिऑइड यांच्यातलं अंतर श्रीलंकेच्या दक्षिणेला उणे 100 मीटरच्याही खाली जातं आणि न्यू गिनीजवळ अधिक 80 मीटरच्या आसपास पोचतं. म्हणजे अल्टिमीटरने मोजलेल्या उंचीत जवळजवळ सगळा वाटा पृथ्वीच्या वस्तुमानाच्या असमान वाटणीचा असतो. प्रवाहांचा वाटा शेकड्यात एखाददुसराच.

हे जवळून पाहायचं तर समुद्रतळावरचा एक पर्वत घ्या: उंची 2000 मीटर, त्रिज्या 20 किमी. त्याचं जादा वस्तुमान पाणी स्वतःकडे ओढतं आणि वर पृष्ठभागावर साधारण 2 मीटरचा उंचवटा तयार होतो. त्या उतारावरून पाणी घरंगळत नाही, कारण तिथलं गुरुत्व त्या उताराला बरोबर लंब आहे. तो उतार हीच तिथली समपातळी. पण ही उंची तशीच मॉडेलला दिली, तर मॉडेल 20 किमीत 2 मीटर हा दाबाचा उतार समजणार. 30 अंश अक्षांशावर जिओस्ट्रॉफिक समीकरणात (दाबाचा उतार आणि पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम यांचा समतोल) तो घालून पाहा: सेकंदाला सुमारे 13 मीटर वेगाचा प्रवाह मिळतो. कुरोशियोसारखा जोरदार प्रवाहही सेकंदाला एक-दोन मीटरचा असतो. अख्ख्या समुद्राची सरासरी वजा केल्याने हा उतार तसूभरही बदलत नाही.

म्हणून गुरुत्व मोजणारे उपग्रह लागतात. सरासरी समुद्रपृष्ठातून जिऑइड वजा केला की उरते ती मीन डायनॅमिक टोपोग्राफी, एमडीटी. 2009 ते 2013 या काळात अवघ्या 255 किमीच्या आसपासच्या उंचीवरून फिरलेल्या गोसे उपग्रहाने 100 किमी अंतरमापावर जिऑइड एक-दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक करून दिला. ही अचूकता चैन नव्हे: 20 अंश अक्षांशावर 100 किमीत 1 सेंमीची चूक म्हणजे सेकंदाला 2 सेंमीचा खोटा प्रवाह, आणि 10 सेंमीची चूक म्हणजे 20 सेंमीचा.

इथे दुसरा खड्डा आहे. सरासरी समुद्रपृष्ठात काही किलोमीटरपर्यंतचे बारकावे असतात, उपग्रही जिऑइडमध्ये 100 किमीच्या खालचं फारसं काही नसतं. सरळ वजाबाकी केली की लहान पर्वत, खंदक, कड्यांच्या रांगा सगळ्या एमडीटीत उतरतात. दोन्हींना एकाच मापाचा फिल्टर लावून मगच वजाबाकी करा. 'मग 2190 डिग्रीचा, म्हणजे फार बारीक तपशिलाचा, ईजीएम2008 जिऑइड वापरू' हा उपाय नेहमी सुचवला जातो आणि मला तो अजिबात मान्य नाही. समुद्रावरचे त्यातले बारकावे मुळात अल्टिमीटरच्याच उतारांवरून काढलेले आहेत. त्यांत प्रवाहाचा थोडा भाग गुरुत्व म्हणून शिरलेला असतो, आणि वजाबाकीत नेमका तोच नाहीसा होतो. एमडीटीसाठी फक्त उपग्रहांच्या मोजणीवरचाच जिऑइड घ्या. लहान मापाचा तपशील ड्रिफ्टर (प्रवाहाबरोबर वाहणारे तरंगते बोये) आणि तापमान-क्षारतेच्या मोजणीतून भरा, किंवा तसं करून दिलेली सीएनईएस-सीएलएस18 सारखी तयार एमडीटी वापरा.

बाकीचे संदर्भ पटकन. टोपेक्स या जुन्या अल्टिमीटर उपग्रहाच्या एलिप्सॉइडची विषुववृत्तीय त्रिज्या 6378136.3 मी., जीपीएसच्या डब्ल्यूजीएस84 ची 6378137.0 मी.; सरमिसळ झाली की जवळपास सगळीकडे 70 सेंमीचा फरक पडतो. अल्टिमीटरची उत्पादनं मीन-टाइड पद्धतीत असतात (चंद्र-सूर्याच्या ओढीचा कायमचा परिणाम त्यात ठेवलेला असतो), जिऑइड बहुधा टाइड-फ्री किंवा झिरो-टाइड पद्धतीत (तो पूर्ण किंवा अंशतः काढलेला). हे जुळवलं नाही तर विषुववृत्त ते ध्रुव 30 ते 40 सेंमीचा खोटा उतार येतो. आणि एसएलए, म्हणजे सरासरीपासूनचा समुद्रपातळीचा फरक, ज्या काळाच्या सरासरीपासून मोजली, एमडीटीही त्याच काळाची हवी. आजच्या बहुतेक उत्पादनांत तो 1993 ते 2012 आहे.

असिमिलेशनमध्ये, म्हणजे निरीक्षणं मॉडेलमध्ये मिसळताना, माझा आग्रह असा: एसएलएमध्ये एमडीटी मिळवून एडीटी (जिऑइडपासूनची एकूण उंची) तयार करा आणि तिची तुलना मॉडेलच्या ईटाशी करा. एमडीटीऐवजी मॉडेलचीच 20 वर्षांची सरासरी वापरणं सोपं आहे, पण मग मॉडेलने प्रवाह चुकीच्या जागी मांडला असेल तर तो तिथेच राहतो, निरीक्षणं त्याला हलवू शकत नाहीत. मॉडेलमध्ये भरती-ओहोटी असेल तर आधी ती काढा, कारण एसएलएमधून ती काढलेलीच असते. वायुदाबाचंही तसंच: दाब 1 हेक्टोपास्कलने वाढला की पातळी सुमारे 1 सेंमी खाली जाते. मॉडेलला वायुदाब दिला असेल तर डीएसी हे वायुदाबाचं करेक्शन एसएलएमध्ये परत मिळवा. एक स्थिर आकडा वजा करणं योग्य ठरतं ते फक्त इथे: बूसिनेस्क मॉडेल घनफळ राखतं, त्यामुळे पाणी तापून फुगल्याने वाढलेली जागतिक सरासरी पातळी त्यात येत नाही. 1993 पासून एकूण सरासरी सुमारे 10 सेंमी वाढली आहे, म्हणून तुलनेआधी दोन्हींकडची क्षेत्र-सरासरी वजा करा.

2017 मध्ये थांबलेला ग्रेस आणि त्याच्यानंतरचा ग्रेस-एफओ या गुरुत्व मोजणाऱ्या उपग्रहांना गोसेचे भाऊ समजू नका. ते महिन्यागणिक वस्तुमानाचा बदल मोजतात, तोही साधारण 300 किमीच्या मापावर, आणि मॉडेलमध्ये त्याची तुलना तळाच्या दाबाशी होते, ईटाशी नाही. तुलनेआधी जीएडी फाईल परत मिळवली का, ते पाहा. प्रक्रिया करताना ग्रेसच्या मोजणीतून काढलेला समुद्राचा पार्श्वभूमी-दाब त्या फाईलमध्ये असतो.

आपली एमडीटी बरोबर आहे का, हे नकाशा काढला की लगेच कळतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला मोठा खळगा दिसला तर जिऑइड वजाच झालेला नाही. समुद्रतळाच्या पर्वतरांगा उमटल्या तर फिल्टर जुळलेले नाहीत. अक्षांशाबरोबर सावकाश बदलणारा पट्टा दिसला तर टाइड पद्धत तपासा. सगळीकडे सारखेच 70 सेंमी जास्त-कमी असतील तर एलिप्सॉइड. नकाशा स्वच्छ असेल तर त्यावरून जिओस्ट्रॉफिक प्रवाह काढा आणि 15 मीटर खोलीला ड्रोग (पाण्याखालचं शीड) असलेल्या ड्रिफ्टरांच्या सरासरी वेगाशी ताडून पाहा, त्या वेगातून वाऱ्याचा एकमन प्रवाह आधी वजा करून. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे पाच अंश मात्र या तपासणीतून वगळा. तिथे कोरिऑलिस, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम, शून्याकडे जातो आणि उंचीतली मिलिमीटरची चूकही वेगात फुगून दिसते.