आधी त्रिकोण की आधी साइन? फंक्शन जनरेटरची पार्श्वभूमी

पुण्यातल्या कॉलेजांच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये बऱ्याचदा एकाच टेबलावर दोन पिढ्या शेजारी-शेजारी नांदत असतात. एकीकडे गोल डायल आणि खटकन दाबायची रेंजची बटणं असलेला जुना फंक्शन जनरेटर, म्हणजे ठरावीक आकाराच्या विद्युत लहरी देणारं यंत्र, दुसरीकडे रंगीत पडद्याचा, आकडे टाइप करायचा नवा. प्रॅक्टिकलला दोघांवर काम तेच. एक किलोहर्ट्झची साइन, म्हणजे गुळगुळीत नागमोडी लहर लावा, सीआरओवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) बघा, जर्नलमध्ये रीडिंग लिहा. आत मात्र दोघांची कुळं वेगळी आहेत. जुन्यात त्रिकोणी लहर आधी तयार होते आणि साइन तिच्यातून घडवली जाते. नव्यात साइन सगळ्यात सोपी आणि त्रिकोण अडचणीचा.

मुळात हे यंत्र आलं ते निव्वळ साइन देण्यासाठी. 1930 च्या दशकात टेलिफोन आणि रेडिओवाल्यांना ऐकू येणाऱ्या वारंवारतेची स्वच्छ साइन हवी असायची, आणि ती देणारी उपकरणं महाग आणि बोजड होती. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या विल्यम ह्यूलेटने 1939 च्या प्रबंधात त्यावर तोड काढली. माक्स वीन या जर्मन शास्त्रज्ञाचा 1891 चा ब्रिज (रोध आणि कपॅसिटरची एक जोडणी) घेऊन त्याने ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारं सर्किट केलं आणि लहरीची उंची काबूत ठेवायला चक्क एक छोटा दिवा बसवला. लहर मोठी झाली की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो, लहर पुन्हा जागेवर येते. हेच ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन, मॉडेल 200ए. किंमत 54.40 डॉलर. पुढच्या 200बी मॉडेलचे आठ नग ‘फँटेसिया’ या चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेच्या कामासाठी वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने घेतले, ही गोष्ट कंपनीच्या इतिहासात कायम सांगितली जाते.

डायलवर 1 ते 10 आणि शेजारी दहा-दहा पटींची बटणं, ही मांडणीही या जातीच्या ऑसिलेटरमुळे रुळली. कॉइल आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) यांच्या सर्किटमध्ये वारंवारता दहापट करायची तर कपॅसिटर शंभरपट बदलावा लागतो. वीन ब्रिजमध्ये दहापट पुरतो. त्यामुळे डायलच्या एका फेऱ्यात अख्खी दहापट रेंज मावते. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात असा एखादा डबा दिसलाच आणि डायलवर हर्ट्झऐवजी ‘सायकल्स पर सेकंद’ असेल, तर तो बऱ्यापैकी जुना समजावा. हर्ट्झ हे एकक 1960 साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलं.

पण दिव्याची युक्ती फार सावकाश लहरींना चालत नाही. एका सायकलला काही सेकंद लागू लागले की तार त्या सायकलमध्येच तापते आणि निवते, आणि लहर बिघडते. सर्व्हो यंत्रणा (स्वतःची हालचाल स्वतःच दुरुस्त करणारी यंत्रं) आणि कंपनांच्या चाचण्यांना नेमक्या अशाच संथ लहरी लागत. तेव्हा 1950 च्या दशकात वाट बदलली. कपॅसिटरला स्थिर करंटने भरायचं, ठरलेल्या व्होल्टेजला पोचला की तितक्याच करंटने रिकामा करायचा. व्होल्टेज सरळ रेषेत वर, सरळ रेषेत खाली: झाला त्रिकोण. दिशा बदलणारा स्विच स्क्वेअर लहर फुकटात देतो. राहिली साइन. ती डायोडच्या, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या भागांच्या जाळ्यातून काढतात. व्होल्टेज वाढेल तसा एकेक डायोड सुरू होतो आणि चढ थोडा-थोडा मोडत जातो. ह्यूलेट-पॅकार्डचा 202ए असा 0.008 हर्ट्झपर्यंत उतरायचा, म्हणजे एका सायकलला दोन मिनिटांहून जास्त!

जुन्या संचाची साइन सीआरओवर मोठी करून तिच्या शेंड्याकडे नीट बघा. आतलं ॲडजस्टमेंट हललेलं असेल तर माथा किंचित टोकदार दिसतो, कधी उतारावर बारीक कोपरे. तो राहून गेलेला त्रिकोण आहे. ॲम्प्लिफायरच्या डिस्टॉर्शनचं (लहरीचा आकार किती बिघडतो याचं) रीडिंग घ्यायचं असेल तर आधी ही साइन तपासावी. दोष ॲम्प्लिफायरच्या माथी मारायची घाई करू नये.

पुढे हे सगळं सर्किट एका चिपमध्ये आलं. इंटरसिलची 8038 आणि एक्झारची 2206. दोन-चार कपॅसिटर, एक पॉट (फिरवून बदलता येणारा रोध), की घरचा फंक्शन जनरेटर तयार. तपकीर गल्लीत सुटे भाग शोधत फिरणाऱ्यांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. 8038 कधीच बंद झाली, तरी प्रोजेक्ट रिपोर्टांत ती अजून हयात आहे.

दरम्यान आउटपुटचा आतला रोधही बदलला. टेलिफोनच्या लाइनींमुळे जुन्या ऑसिलेटरांना 600 ओहम असायचे. वरच्या वारंवारता आणि कोॲक्स केबल आल्यावर 50 ओहम रूढ झाले. नवा संच टोकाला 50 ओहमचा लोड आहे, म्हणजे निम्मं व्होल्टेज आतल्या रोधावरच पडेल, असं धरून आकडा दाखवतो. सीआरओचं इनपुट असतं एक मेगओहम. त्यावर जवळपास सगळं व्होल्टेज येतं, म्हणून संचाच्या पडद्यावर 5 व्होल्ट आणि सीआरओवर 10. संच बिघडलेला नसतो, मेनूमध्ये लोड ‘हाय-झेड’ (म्हणजे मोठ्या रोधाचा) करायचा असतो.

नव्या पिढीचं बीज 1971 चं. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या टिअर्नी, रेडर आणि गोल्ड यांनी डिजिटल फ्रीक्वेन्सी सिंथेसायझर मांडला. साइनच्या किमतींचा तक्ता मेमरीत ठेवायचा. क्लॉकच्या (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या सर्किटच्या) प्रत्येक ठोक्याला एक ठरावीक संख्या मिळवत जायची आणि येणाऱ्या बेरजेनुसार तक्त्यातली किंमत बाहेर काढायची. संख्या बदलली की वारंवारता बदलली. आज एडी 9833 सारखी नखाएवढी चिप 25 मेगाहर्ट्झ क्लॉकवर साधारण 0.1 हर्ट्झच्या पायऱ्यांनी चालते. तक्ताही पुष्कळदा पाव सायकलचाच ठेवतात, बाकीची तीन पावं उलटसुलट करून मिळतात. आर्यभटाने 499 साली पाव वर्तुळाचे 24 भाग करून ‘ज्या’च्या, म्हणजे साइनच्या, किमतींमधले फरक दिले, तेही पावच. काटकसर जुनी आहे.

तक्त्यातून येणारी लहर पायऱ्यापायऱ्यांची असते. ती गुळगुळीत करायला पुढे फिल्टर लागतो. साइनमध्ये एकच वारंवारता, त्यामुळे ती फिल्टरमधून सुखरूप निघते. त्रिकोणाचे कोपरे वरच्या हार्मोनिक्सनी, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरींनी, बनलेले असतात. फिल्टर तेच खातो आणि कोपरे गोल होतात. 1990 च्या दशकातला ह्यूलेट-पॅकार्डचा 33120ए साइन 15 मेगाहर्ट्झपर्यंत द्यायचा, त्रिकोण मात्र 100 किलोहर्ट्झपर्यंतच. म्हणून नवा संच घेताना वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नये. तो साइनचा असतो. त्रिकोणाची मर्यादा डेटाशीटमध्ये वेगळ्या ओळीत दिलेली असते.