भूविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण व व्यवसाय (नाशिक परिसर)

भूविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे पदवीनंतर घेतले जाणारे दोन वर्षांचे एम.एस्सी., तसेच एम.टेक. आणि त्यापुढील पीएच.डी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेला पदव्युत्तर पदवी हीच किमान अर्हता असल्यामुळे या विषयात बी.एस्सी. हा मुक्काम नसून केवळ थांबा ठरतो. नाशिक परिसरातील विद्यार्थ्याच्या बाबतीत या शिक्षणाला एक वेगळे वळण मिळते, आणि त्याचे कारण त्याच्या पायाखालच्या खडकात आहे.

नाशिक जिल्ह्याची जवळजवळ सगळी भूमी दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाची आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश घडला. कळसूबाई (1646 मी.) आणि साल्हेर (1567 मी.) या राज्यातील दोन सर्वोच्च शिखरांच्या उतारांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे याच थरांच्या कडा होत. लाव्हाथरांच्या वर्गीकरणातील एका शैलसमूहाला इगतपुरीचे नाव देण्यात आले आहे. लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत नंतर स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातील खनिजे व त्यांच्या सोबतीला अपोफिलाइट वाढले. पांडवलेण्यांच्या परिसरातील खाणींत सापडलेले पॉवेलाइट या खनिजाचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय याच संपत्तीवर उभे आहे. नाशिकच्या बहुतेक विद्यार्थ्यांची खनिजविज्ञानाशी पहिली ओळख पाठ्यपुस्तकाआधी तेथील काचेच्या कपाटांसमोर होत असावी.

मात्र या एकसुरी भूमीची अडचणही आहे. येथील थर जवळजवळ आडवे असल्यामुळे वळ्या (थरांना पडलेल्या घड्या), मोठे विभंग (खडक तुटून सरकलेल्या जागा), रूपांतरित खडक आणि कोळशाचे थर यांपैकी काहीही घराजवळ पाहता येत नाही. ब्रंटन होकायंत्राने नती (थराचा उतार) व नतिलंब (त्या उताराला काटकोनातील आडवी दिशा) मोजण्याचा खरा सराव करायचा तर सिंधुदुर्गातील जुने खडक, चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातील कोळसायुक्त गोंडवनी थर किंवा राजस्थानातील अरवली गाठावी लागते. म्हणून क्षेत्र अभ्यासाच्या सहलींना अभ्यासक्रमात जे गुण दिलेले असतात त्यांपेक्षा त्यांचे महत्त्व पुष्कळ अधिक आहे. ज्या विभागात या सहली काटकसरीने उरकल्या जातात, तेथील विद्यार्थी पुढे मुलाखतीत नेमका याच ठिकाणी अडखळतो.

प्रवेशासाठी सामान्यतः भूविज्ञान विषयासह बी.एस्सी. आवश्यक असते. नाशिकचे विद्यार्थी बहुधा पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग किंवा फर्ग्युसन महाविद्यालय, जळगावच्या विद्यापीठातील पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा, नागपूर विद्यापीठ आणि मुंबईतील संस्था यांचा विचार करतात. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांतील एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा द्यावी लागते व तिच्या सात विषयांत भूविज्ञान हा एक आहे. अभ्यासक्रमात स्फटिकविज्ञान, शैलविज्ञान, संरचनात्मक भूविज्ञान, स्तरविज्ञान, पुराजीवविज्ञान, भूरसायन, आर्थिक भूविज्ञान, भूजलविज्ञान, अभियांत्रिकी भूविज्ञान आणि दूरसंवेदन येतात. खडकाचा 0.03 मिमी. जाडीचा छेद घासून ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे जुने कौशल्य आजही शिकवले जाते. त्याच्या जोडीला आता उपग्रहचित्रे व जीआयएस (संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली) आले असून नोकरीच्या जाहिरातींत त्यांचीच विचारणा जास्त होते.

नाशिकमध्ये या शिक्षणाचा सर्वांत थेट उपयोग पाण्यासाठी होतो. निफाड व दिंडोरीचा द्राक्षपट्टा आणि येवला-चांदवडकडील कांद्याची शेती विहिरी, बोअरवेल व शेततळ्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, आणि बेसाल्ट हा पाणी साठवण्यास कंजूष खडक आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी नसते. ते मुरमाच्या थरात, सांध्यांत आणि शेतकरी ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या पोकळ्यांच्या, मऊ खडकात सापडते. दोन लाव्हाथरांमधील गेरूसारखा तांबडा पट्टा, म्हणजेच लाल बोल, बऱ्याचदा पाण्याची खाली जाणारी वाट अडवतो. लाव्हाथरांना उभे छेदून गेलेली भित्ती, म्हणजे डाइक, फुटलेली असेल तर पाणी वाहून नेते आणि घट्ट असेल तर भूमिगत बंधाऱ्यासारखी अडवून धरते, त्यामुळे एकाच बांधाच्या अलीकडच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी असा प्रकार घडतो. भूजलतज्ज्ञ विद्युतरोध मापनाने, म्हणजे जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजून, या थरांचा अंदाज घेतो व विहिरींच्या नोंदींशी तो ताडून पाहतो. नारळ किंवा ओली फांदी घेऊन शिवारात फिरणारा पाणाड्या अजून व्यवसायातून हद्दपार झालेला नाही. विज्ञानाची पदवी घेतलेल्या तरुणाला पहिली स्पर्धा त्याच्याशीच करावी लागते, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

या कामाची शासकीय यंत्रणा म्हणजे 1971 मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा होय. निरीक्षण विहिरींतील पातळीच्या नोंदी, पाणलोटनिहाय भूजल मूल्यांकन आणि टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्याचे स्रोत सुचवणे ही तिची कामे आहेत. तिच्यातील भूवैज्ञानिकांची पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 मुळे भूजलतज्ज्ञाच्या मताला कायदेशीर वजनही आले आहे. शासनाबाहेर पुण्याच्या ॲक्वाडॅमसारख्या संस्था गावपातळीवर भूजलाचे काम करतात.

दुसरे मोठे क्षेत्र अभियांत्रिकी भूविज्ञानाचे. गंगापूरचे मातीचे धरण, वैतरणा, भावली आणि मुकणे ही धरणे एकाच जिल्ह्यात असल्यामुळे पाया, गळती आणि बांधकाम साहित्य हे येथे रोजचे प्रश्न आहेत. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, नाशिककरांची ‘मेरी’, 1959 पासून माती, खडक व साहित्याच्या चाचण्या करत आली आहे. समृद्धी महामार्गावरील इगतपुरीजवळचा जोडबोगदा पावणेआठ किलोमीटरच्या आसपास लांबीचा आहे. अशा कामांत भूवैज्ञानिक वेधनातून (ड्रिलिंगमधून) निघालेले खडकाचे दंडगोल तपासतो व त्यांपैकी 10 सेंमी.हून लांब असलेल्या तुकड्यांच्या टक्केवारीवरून खडकाची प्रत ठरवतो. ही नोकरी खासगी सल्लागार कंपन्यांतून लवकर मिळते, परंतु प्रकल्पासोबत ती संपतेही, आणि मुक्काम शहरापासून दूर असतो.

केंद्रीय सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा पूर्व, मुख्य व मुलाखत अशा तीन टप्प्यांत होते. तिच्यातून 1851 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक, भूभौतिकतज्ज्ञ व रसायनतज्ज्ञ आणि केंद्रीय भूजल मंडळात भूजलतज्ज्ञ निवडले जातात. गेट या राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेचे गुण एम.टेक.साठी व अनेकदा सार्वजनिक कंपन्यांच्या भरतीसाठी ग्राह्य धरले जातात. अध्यापन व संशोधन शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान असा एकत्र विषय आहे.

खाणकाम व तेलशोधन यांचे आकर्षण मोठे असले तरी त्यासाठी नाशिक सोडावेच लागते. मॅंगनीज, कोळसा व इतर खनिजांचे काम विदर्भात आहे आणि राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचे मुख्यालय नागपुरात आहे. नाशिकमध्ये उरते ते गौण खनिजांचे नियमन, म्हणजे दगडखाणी, मुरूम आणि वाळू. ते काम पाहणारा जिल्हा खनिकर्म अधिकारी प्रयोगशाळेपेक्षा महसुली कागदपत्रांत अधिक वेळ घालवतो.

संशोधनासाठी मात्र हा परिसर संपलेला नाही. पुण्याच्या दिशेने पसरलेल्या भित्तींच्या समूहाचा लाव्हा कोठून आला, सुरगाणा-पेठ भागातील सौम्य भूकंपांमागे काय आहे, पावसाळ्यात सप्तशृंग गडाचे कोणते कडे सुटे होतात, हे प्रश्न पीएच.डी.च्या कक्षेत येतात. गंगापूरजवळ गोदावरीच्या जुन्या गाळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास केला होता. त्याच गाळात नदीच्या प्राचीन महापुरांचे थरही वाचता येतात. 1969 आणि 2008 चे पूर नाशिककर गोदावरीच्या घाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले यावरून सांगतात. मूर्तीच्या आधीच्या पुरांसाठी काठावरच्या गाळाचा छेदच पाहावा लागतो.