कुत्रा सापडेल, पण घर कसं कळेल?

दिवाळीत सुतळी बॉम्बच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा उघड्या दारातून निसटला, तर तो पहिल्यांदा दिसतो शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला, रिक्षावाल्याला किंवा चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या कुणाला तरी. त्यांच्याकडे कुत्र्याच्या कातडीखालची ओळख-चिप वाचणारा स्कॅनर नसतो. डोळे असतात आणि खिशात फोन. म्हणून चिपचा विचार करण्याआधी गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहावं.

कडीला लोंबणारा बिल्ला हरवतो तो बहुधा कडीमुळे. वाकवलेल्या तारेची कडी ओढाताणीत उघडते आणि बिल्ला कुठे पडला ते कळतही नाही. त्यापेक्षा पट्ट्यावर आडवी बसणारी, दोन्ही टोकांना रिव्हेट मारलेली स्टीलची पट्टी घ्यावी. ट्रॉफी आणि नामपट्ट्या करणारी दुकानं ती कोरून देतात. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यावरची अक्षरं झिजतात; प्लॅस्टिकखाली सरकवलेल्या कागदाचा एका पावसाळ्यात लगदा होतो. पट्टी साधारण ४५ मिलिमीटर लांब असली, की त्यावर ४ मिलिमीटर उंचीचे दहा आकडे सहज वाचता येतात. एक नंबर घरातला आणि दुसरा वेगळ्या घरात राहणाऱ्या माणसाचा असावा, कारण शोधाशोधीत आपला फोन नेमका बंद पडतो. कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल, ती जागा आकड्यांना द्या. क्यूआर कोड असेल तरी नंबर हवाच. चरे पडले की कोड वाचला जात नाही.

पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत. सैल पट्टा डोक्यावरून निघतो, घट्ट पट्ट्याने कातडी सोलते. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासावा. अंघोळीसाठी पट्टा काढला आणि तेवढ्यात कुत्रा पळाला, असं होऊ शकतं. यासाठी एक जादा पट्टा ठेवावा, त्यावर नंबर दोऱ्याने भरून घ्यावा.

पट्टाच निघाला, तर चिप उपयोगी पडते. शिजलेल्या बासमतीच्या शिताएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी ती काचेची नळी असते. आत फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार आणि एक इवलं सर्किट. बॅटरी नसते. स्कॅनरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप आपला १५ आकडी क्रमांक कळवते. कुत्रा कुठे आहे, हे ती सांगू शकत नाही. मोबाइललाही ती वाचता येत नाही: चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालते, मोबाइलचं एनएफसी, म्हणजे फोन जवळ धरून पैसे देण्याची सोय, १३.५६ मेगाहर्ट्झवर.

डॉक्टर जाड सुईने ती दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली बसवतात. टोचण्याआधी, टोचल्यावर लगेच आणि पुढे दरवर्षी रेबीजच्या लसीच्या वेळी ती स्कॅन करून घ्यावी. चिप कधी कधी सरकते, खांद्याकडे किंवा कोपरापर्यंतही. म्हणून स्कॅनर अंगालगत, सावकाश, नागमोडी फिरवायचा, आधी आडवा आणि मग उभा. चिप आडव्यातिडव्या कोनात असली, की एका दिशेने हुकते. धातूचं बक्कल जवळ असल्यानेही वाचन बिघडतं.

तरी चिपचं खरं दुखणं कागदावर असतं. अमेरिकेतल्या प्राणी-निवाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात चिप असूनही मालक न सापडण्याचं सर्वांत मोठं कारण निघालं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. चिपचा क्रमांक आणि सोबत आपला फोन नंबर लसीकरणाच्या पुस्तिकेत, डॉक्टरांकडे आणि चिप कंपनीच्या नोंदीत असलेच पाहिजेत. पुणे महापालिकेच्या कुत्रा पाळण्याच्या परवान्यासाठी नोंदणी करतानाही ते कळवावेत. सिमकार्ड बदललं, की या सगळ्या ठिकाणी बदल करा.

देशी कुत्रा पाळणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. कानाला दिलेली खाच म्हणजे नसबंदी झाली, एवढंच. घर आहे की नाही, हे त्यावरून समजत नाही. पट्टा नसलेला आपला कुत्रा गल्लीतल्या इतर कुत्र्यांसारखाच दिसतो.

जीपीएसचं यंत्र चांगलं, पण ते चार्जिंग आणि मोबाइलच्या रेंजवर अवलंबून. सिंहगडाच्या दरीत भरवसा धरू नये. ब्लूटूथचा टॅग जवळून जाणाऱ्या फोनांवर चालतो आणि त्यातला बटणसेल कुत्र्याने गिळला, तर अन्ननलिका भाजते. टॅग चावता येणार नाही असा बसवा.

शेवटी फोटो. डावी, उजवी आणि समोरची बाजू, उभ्या स्थितीत, दिवसाच्या उजेडात. जिभेवरचा काळा डाग, पांढरं बोट, शेपटीचा बाक जवळून टिपा. नाकाचाही स्पष्ट फोटो ठेवा. त्यावरची नक्षी प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते. हरवल्याची जाहिरात देताना मात्र यातली एखादी खूण मुद्दाम गाळा. सापडल्याचा फोन आला, की आधी तीच विचारा.