नाट्यगृहाची देणगी: इमारत निधी कुठला आणि कायम निधी कुठला?

गावात छोटं नाट्यगृह बांधायचं ठरलं की पहिली बैठक चहा-भज्यांवर पार पडते आणि दुसरीला पावतीपुस्तकं छापून येतात. पावतीवर एक ओळ असते: ‘इमारत निधी / कायम निधी (नको ते खोडावे)’. एका लहानशा संस्थेचा खजिनदार असताना अशा कितीतरी पावत्या मी फाडल्या. खोडणारा देणगीदार क्वचितच भेटला, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला विचारलं नाही. पैसे आले, पावती दिली, विषय संपला. तो संपलेला नव्हता हे पहिल्या ऑडिटला कळलं.

इमारत निधी संपण्यासाठीच असतो. जोतं, छप्पर, रंगमंच, विंगा, ग्रीनरूम, खुर्च्या, ध्वनियंत्रणा यांत तो जिरतो आणि उद्घाटनाच्या दिवशी शून्यावर आला तर मोहीम नीट पार पडली म्हणायचं. कायम निधीचं उलट. त्याच्या मुद्दलाला हात लावायचा नाही, ते मुदत ठेवीत किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचं आणि व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या पैशाची भिंत होते, दुसरा पैसाच राहतो.

मग घोटाळा का होतो? काही अंशी कायद्यामुळेच. ‘ही रक्कम मूळ निधीत जमा करावी’ असं देणगीदाराने लेखी कळवलं की आयकराच्या नजरेत ती कॉर्पस देणगी ठरते आणि संस्थेच्या चालू उत्पन्नात धरली जात नाही. इमारतीसाठी दिलेली रक्कमही पुष्कळदा अशाच पत्रासह येते. त्यामुळे ताळेबंदात दोन्ही शेजारी बसतात, कार्यकारिणीतले सगळेच दोन्हींना कॉर्पस म्हणू लागतात आणि मग कुणीतरी सभेत छातीठोकपणे सांगतं, “आपल्याकडे ऐंशी लाखांचा कॉर्पस आहे.” त्यातले पंचाहत्तर लाख सिमेंटमध्ये असतात.

इमारतीमागे कायम निधी नसला तर काय किंमत पडते, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं आहे. त्यांनी लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय हे संगीत विद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये मुंबईत शाखा सुरू केली. मुंबईत विद्यालयासाठी मोठी इमारत उभी राहिली, पण कर्ज काढून. फेडीची सगळी भिस्त जलशांच्या मिळकतीवर आणि लोकांच्या मदतीवर होती. कर्ज फिटलं नाही. इमारत जप्त झाली आणि लिलावात गेली. बुवांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच्या परीक्षांना आजही गावोगावची मुलं बसतात. काम टिकलं, वास्तू गेली. पलुस्करांच्या निष्ठेत खोट काढायची कुणाची प्राज्ञा नाही. पण इमारतीचा खर्च तिच्या उद्घाटनानंतर सुरू होतो, हे त्या हकिगतीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आता आकडेमोड करू. आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या गावचे घालून पाहा. दोनशे खुर्च्यांचं नाट्यगृह. वीज, रखवालदार, तंत्रज्ञ, सफाई, विमा, मालमत्ता कर आणि किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याला १,६०,००० रुपये. एका प्रयोगाचं भाडं ८,००० आणि महिन्याला बारा प्रयोग, म्हणजे ९६,००० रुपये. तूट ६४,०००, वर्षाची ७,६८,०००. सात टक्के व्याजाने ही तूट भरून काढायला सुमारे १ कोटी १० लाखांचा कायम निधी लागेल.

तेही सगळं व्याज खाल्लं तर. महागाई थांबत नाही. ती सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर बाराएक वर्षांत मुद्दलाची किंमत निम्म्यावर येते. म्हणून सातातला एक टक्का मुद्दलात परत टाकायचा म्हटलं, तर लागणारी रक्कम १ कोटी २८ लाख होते. उत्पन्नाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत रक्कम मागे ठेवायला करनियमांत मुभा आहे, तेव्हा सातातला एक त्यात बसतो. (भाडं वाढवा, असं कुणी तरी म्हणेलच. वाढवा. मग हौशी मंडळी पुन्हा शाळेच्या हॉलमध्ये जातील आणि नाट्यगृहात लग्नाचे स्वागतसमारंभ होतील.)

पैसे मागण्याची तऱ्हाही दोन्हींची सारखी नाही. इमारतीच्या मोहिमेला आकडा असतो आणि मुदत असते. ही तऱ्हा आपल्याला अनोळखी नाही: असहकार चळवळीसाठी उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडाला एक कोटीचं लक्ष्य होतं, आणि १९२१ च्या जुलैमध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले तो ‘संयुक्त मानापमान’ त्याच फंडासाठी झाला. अनुभवी मंडळी अशी मोहीम जाहीर करण्याआधी गुपचूप घरोघरी जातात आणि निम्मी-अधिक रक्कम मोजक्या मोठ्या देणगीदारांकडून पक्की करून घेतात. मग फलक लागतो, खुर्चीमागे नावाची पट्टी, दालनाला वडिलांचं नाव. नुसता ‘देतो’ म्हणून दिलेला शब्द आणि खात्यात आलेली रक्कम यांचे रकाने वेगळे ठेवावे लागतात. ठेकेदाराचं बिल शब्दावर भागत नाही.

कायम निधीला दाखवायला वीट नसते, म्हणून तो मागताना कार्यकर्त्यांची जीभ अडखळते. खरं तर याबाबतीत मराठी माणूस मुरलेला आहे. आईच्या स्मरणार्थ वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस, गुरुजींच्या नावाची व्याख्यानमाला, वाचनालयातली ठेव हे सगळे छोटे कायम निधीच की. फक्त कधीकाळी ठेवलेल्या हजार रुपयांच्या व्याजात आज धड नारळही येत नाही. तेव्हा ‘कायम निधीला हातभार लावा’ असं म्हणण्यापेक्षा ‘वर्षातून एक बालनाट्य तुमच्या आजोबांच्या नावाने होईल, त्यासाठी इतकी ठेव लागेल’ असं सांगावं. लोक ऐकतात. मात्र ठेवीची किमान रक्कम दर पाच वर्षांनी वाढवत राहायला हवी.

कोणता पैसा कुठे चालतो, इथे तर दोघांचे रस्ते फुटतातच. कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठी कायद्याने बाजूला काढायचा पैसा) कला-संस्कृतीच्या कामाला मिळू शकतो, पण २०२१ पासून संस्थेच्या कॉर्पसमध्ये दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. म्हणजे कंपनीकडे जायचं ते ठरावीक प्रकल्प घेऊन. परदेशातल्या मराठी मंडळींचंही तसंच आहे. भारतीय पासपोर्ट असलेला भाचा दुबईहून आपल्या कमाईतले पैसे रीतसर बँकेमार्फत पाठवतो, ती परदेशी देणगी नव्हे. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आत्याची मात्र आहे, आणि ती घ्यायला संस्थेकडे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. आत्या रागावते. पण चेक परत करावाच लागतो.

देणगीदाराच्या करसवलतीत या दोन निधींमुळे फरक पडत नाही. ज्याला सगळे ‘८०जी’ म्हणतात ती सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते आणि दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही.

अडचणीच्या दिवसांत मात्र फरक मोठा असतो. महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, त्यामुळे कर्मचाऱ्यांचा पगार थकला म्हणून नाट्यगृहाचा एक कोपरा विकता येत नाही. ठेवीचं व्याज मात्र ठरल्या तारखेला खात्यात येतं. आणि उलटंही खरं: छप्पर गळतंय म्हणून कायम निधीचं मुद्दल मोडायची घाई झाली, तर देणगीदाराने पत्रात काय लिहिलंय ते आधी काढून वाचावं लागतं. पत्रच नसेल, तर वाद अटळ.

आमच्या संस्थेने पुढे पावतीवरचं ‘नको ते खोडावे’ काढून टाकलं आणि दोन रंगांची दोन पुस्तकं केली: इमारतीचं पिवळं, ठेवीचं हिरवं. शिवाय मोहिमेचा आकडा जाहीर करताना बांधकामाच्या खर्चावर आणखी पाचवा हिस्सा कायम निधीसाठी धरला आणि तो त्याच पत्रकात छापला. हिशेबाने तो अपुराच होता. पिवळं पुस्तक आधी संपलं, हे वेगळं सांगायला नको. हिरव्याच्या शेवटच्या काही पावत्या उद्घाटनानंतर दुसऱ्या वर्षी फाटल्या, वीजबिल नोटीसफलकावर लावायला सुरुवात केल्यावर.