रोजच्या जगण्यातला सुपरहिरो (चित्रकादंबरी)

अलौकिक शक्ती असलेल्या व्यक्तीच्या लढायांपेक्षा तिचे घर, नोकरी, नातीगोती आणि ‘मुखवटा उतरल्यावर मी कोण?’ हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवणारी चित्रकादंबरी. खलनायक नसला तरी अशी कथा उभी राहते. नायकाची दिनचर्या नसेल तर राहत नाही.

दुहेरी ओळख सुपरहिरोइतकीच जुनी आहे. १९३८ मध्ये अवतरलेला सुपरमॅन चष्मा लावून वर्तमानपत्रात नोकरी करी. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकांच्या घरी आलेला वेताळ शहरात जाताना कोट, टोपी, काळा चष्मा चढवून मिस्टर वॉकर होई. १९६२ च्या स्पायडरमॅनने त्यात पैशांची चणचण आणि काकूची काळजी आणली. या धारेतले सर्वांत नेमके उदाहरण मात्र २०१४ मध्ये स्वतःची मालिका मिळालेल्या कमला खानचे. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी-अमेरिकन घरातली ही मुलगी शक्ती मिळताच आधी सोनेरी केसांची गोरी नायिका होते. स्वतःच्या रूपात लढायला ती नंतर शिकते.

ठाणे-नवी मुंबईत अशी कथा घडवताना मागे तलावपाळी रंगवून भागत नाही. जागेने नायकाची अडचण वाढवली पाहिजे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशीला कामाला जाणारी, उडता येणारी बाई रोज लोकलच्या गर्दीत का उभी राहते, याचे उत्तर कथेत हवेच. बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज तर या प्रकारासाठी फारच सकस. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचलेल्या या वसाहतीत सात घरांमध्ये मिळून सुमारे ८ बाय ८ मीटरचे एक सामाईक अंगण येते. रात्री दोनला परतणाऱ्याची चाहूल तिथे शेजाऱ्यांना लागणारच. धुतलेला पोशाख दोरीवर चादरीखाली लपवून वाळत घालावा लागतो, आणि त्याची एक बाही खाली लोंबत राहते. गुपित राखण्याचे ओझे दाखवायला ती बाही पुरे.

पानाची मांडणी दिनचर्येला धरून करतात. एका पानावर ६ ते ९ सारख्या आकाराच्या चौकटी घेतल्या की वेळ संथ चालतो. उदाहरणार्थ, चार चौकटींत एकाच कोनातून चहाचे पातेले दाखवायचे. चौथ्या चौकटीत शेगडी बंद आहे, तरी चहा उकळतोच आहे. असे गुपित डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर उघडावे. उजव्या पानावर ठेवले, तर डावे पान वाचतानाच नजर तिकडे जाते आणि धक्का वाया जातो.

पात्राचा आराखडा समोरून, तीन-चतुर्थांश, बाजूने आणि पाठमोरा असा मुखवट्यासह व मुखवट्याशिवाय आधीच काढून ठेवतात. ही पायरी गाळली की पोशाख उतरवलेला नायक गर्दीतल्या इतरांसारखा दिसू लागतो. ओळख रंगांवर सोडू नये. ती नाकात, हनुवटीत, खांद्यांच्या ठेवणीत असावी.

अक्षरलेखनात मराठीची अडचण वेगळी आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुधा फक्त मोठी अक्षरे वापरतात, त्यामुळे ओळी दाटीने बसतात. तेच अंतर देवनागरीला दिले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. म्हणून ओळींमध्ये अक्षराच्या उंचीच्या सुमारे दीडपट अंतर ठेवावे आणि संवादाच्या एका फुग्यात २०-२५ शब्दांवर जाऊ नये. अक्षरे आधी मांडून फुगा नंतर आखावा. उलट केले की फुगा अपुरा पडतो आणि शेवटी चेहऱ्यावर सरकतो.

छपाईचा हिशेब सहसा १६ पानी फर्म्यात (एकत्र छापून घडी घातलेल्या कागदात) असतो : ९६ पाने म्हणजे ६ फर्मे. १०० पानांची कथा वरच्या ४ पानांसाठी खर्च वाढवते. पानाबाहेर जाणारे चित्र कापणीसाठी ३ मिलिमीटर जास्त काढतात. अक्षरे निव्वळ काळ्या शाईत ठेवावीत; एकावर एक छापल्या जाणाऱ्या चार रंगांत गेली तर रंग जरासे सरकताच वेलांट्यांना दुहेरी कड दिसू लागते.