आगोटीची बेगमी

आगोटीची बेगमी (आगोटी म्हणजे पावसाळ्याचे तोंड) : घरचे पीक, परसातली फळे, मीठ, मसाला आणि सुकी मासळी पावसाळ्याचे चार महिने टिकतील अशा रीतीने तयार करून भरून ठेवण्याची कोकणातील रीत. काम साधारण चैत्रात सुरू होते आणि मृगाच्या सरी येण्याआधी उरकावे लागते. ही नोंद ठाणे शहर, ठाणे–बेलापूर पट्टा आणि आजची नवी मुंबई एवढ्या भागापुरती आहे. येथील आगरी, कोळी, कुणबी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत तिचे तपशील वेगवेगळे असले, तरी हंगाम आणि तत्त्व एकच दिसते.

प्राचीनता : ही रीत नेमकी केव्हापासूनची, याविषयी एकमत नाही. ठाणे हे शिलाहार राजांच्या काळापासूनचे (सुमारे नववे ते तेरावे शतक) बंदर. भात, मीठ आणि मासळी ही येथील जुनी उत्पन्ने. यावरून काही जण संपूर्ण बेगमीच शिलाहारकालीन मानतात. याउलट आजच्या बेगमीचा कणा लाल मिरचीचा मसाला असल्याने ती पोर्तुगीज अमदानीच्या मागे नेता येत नाही, असेही म्हटले जाते. मिरची मूळ अमेरिकेतली. ती पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आली. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली. दरम्यान ठाणेही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते. ईस्ट इंडियन घरांतला, उन्हाळ्यात कांडून बाटल्यांत दाबून भरायचा ‘बाटली मसाला’ याच काळाशी जोडला जातो.

दोन्ही मते वेगवेगळ्या थरांबद्दल बोलतात असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या मोरोक्कोच्या प्रवासी इब्न बतूताने पिकण्यापूर्वी गळून पडलेल्या कैऱ्या मिठात घालून ठेवतात, तसेच ओले आले आणि मिरीही खारवतात, असे नोंदवले आहे. ती नोंद ठाण्याची नव्हे. पण मिरचीच्या आधी खारवण्याची पद्धत देशात रुळलेली होती एवढे तिच्यावरून निश्चित होते. तेव्हा खारातली कैरी, वाळवलेली मासळी आणि कणगीतले भात हा जुना थर आणि तिखट मसाला व मसालेदार लोणचे हा बहुधा नंतरचा. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये भात, मीठ आणि मासेमारी यांना स्वतंत्र जागा मिळाली आहे.

हवा आणि मीठ : बेगमीची सगळी तंत्रे हवेतल्या ओलाव्याशी बांधलेली आहेत. ठाण्यात वर्षाला सुमारे २५०० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. मिठाचा गुण येथे नीट लक्षात घ्यावा लागतो. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. त्यापुढे ते तळाशी बसते. शुद्ध पाण्यात सूक्ष्मजंतूंना मिळणारे पाणी १ धरले, तर अशा संपृक्त खारवणीत ते ०.७५ इतके उतरते. अन्न नासवणाऱ्या बहुतेक जंतूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते, बहुतेक बुरशींची ०.८० च्या आसपास. खारातली कैरी वर्षभर राहते ती यामुळे. शिवाय कैरी स्वतः बरीच आंबट असते, तेही कामी येते.

हाच आकडा उलट बाजूनेही लागू पडतो. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढू लागते. खाडीकाठच्या मिठागरातले खडे मीठ तर त्याआधीच पाझरते, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते फार कमी आर्द्रतेतही ओल धरतात. म्हणूनच उन्हात कडकडीत वाळलेली खारवलेली वस्तू जुलैत उघड्या बरणीत ठेवली तर ओलसर होते आणि पुढे बुरसते. मोठ्या बरणीला फडक्याचा दादरा बांधून ती बाजूला ठेवणे, रोजच्या वापरासाठी लहान बरणी वेगळी भरणे, कोरडाच चमचा घालणे या घरगुती शिस्तीमागे हे कारण आहे.

आयोडिनयुक्त मिठाने लोणचे बिघडते असा समज या भागात पक्का आहे. मिठात आयोडिनचे प्रमाण दशलक्ष भागांत जेमतेम १५ ते ३० भाग असते. तेवढ्याने लोणचे नासण्याचे कारण नाही. फरक पडतो तो दाण्यामुळे. खडे मीठ वाटीने मापण्याची सवय असलेल्या हाताने तीच वाटी बारीक मिठाने भरली, तर वजन वाढते आणि अंदाज चुकतो. मीठ तोलून घेतले की हा प्रश्न उरत नाही.

खारातली कैरी आणि आंबोशी : खारासाठी डाग नसलेली, कडक, बाठा धरलेली कैरी घेतात. धुऊन, पूर्ण कोरडी करून बरणीत रचतात. मिठाचे पाणी उकळून, पूर्ण गार करून तिच्यावर ओततात. कैरी तरंगते, म्हणून वर ताटली आणि तिच्यावर स्वच्छ धुतलेला दगड ठेवायचा. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या कैरीच्या पाठीवर, जिथे हवा लागते तिथे, पांढरी साय प्रथम धरते. बुडालेला भाग महिनोन्‌महिने टणक राहतो.

आंबोशी म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडी. वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या, लोणच्याला न चालणाऱ्या कैऱ्या तिच्यात सत्कारणी लागतात. सोलून पातळ फोडी करतात, मीठ-हळद चोळतात आणि कडक उन्हात पसरतात. फोड जाड कापली तर वरचा पापुद्रा आधी कडक होतो, आतली ओल कोंडते आणि दोन महिन्यांनी बुरशी आतून येते. वाळलेली फोड दोन बोटांत वाकवून बघतात: कडेला चीर जावी, पण चिरेत पांढरट ओल दिसता कामा नये. ठाण्यात मे महिन्यातली हवाही दमट असते, त्यामुळे खरे वाळवण होते ते भर दुपारच्या तीन-चार तासांतच. संध्याकाळी सूप आत घेतले नाही तर दिवसभर गेलेली ओल रात्रीत पुन्हा भरते. शेवटच्या दिवशी फोडी उन्हातून उचलून थेट बरणीत घालणेही चूक; गार होताना झाकणाखाली वाफ धरते. सुकटीच्या कालवणात आणि डाळीत ही आंबोशी चिंचेऐवजी पडते.

वाल : भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर घेतलेले कडवे वाल हे या भागातले बेगमीचे मुख्य कडधान्य. मुरबाड, शहापूर, पनवेलकडचे वाल ठाण्याच्या घरांत अजून आवर्जून मागवले जातात. वालाचा शत्रू भुंगा. त्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते, अळी साल पोखरून आत शिरते आणि बाहेरून दाणा धडका दिसतो. लागण पुष्कळदा शेतातच झालेली असते, त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी ती वाढते. पत्र्यावर किंवा गच्चीवर चांगले तापवून घेतलेल्या दाण्यांतली अंडी आणि अळ्या उष्णतेने मरतात. मग चाळलेली, पूर्ण गार झालेली लाकडाची राख मिसळतात. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला फिरू देत नाही आणि त्याच्या अंगावरचे मेणाचे आवरण खरवडून त्याला सुकवते. एरंडेल तेलाचा हात फिरवण्याची पद्धतही आहे. तेलाने अंड्यांना हवा मिळत नाही. बियाण्याचे वाल राखेतच ठेवतात, कारण ते पेरायचे असतात. श्रावणात मासळी बंद झाली की याच वालांचे बिरडे घराघरांत होते.

भात पूर्वी कणगीत, म्हणजे शेण-मातीने सारवलेल्या बांबूच्या मोठ्या टोपल्यात, किंवा पेंढ्याने आवळलेल्या मुडीत राहत असे. लाल भोपळे आडव्याला टांगत आणि कांद्या-लसणाच्या माळा चुलीच्या वरच्या अंगाला. धुराने त्या कोरड्या राहत.

मसाला आणि मासळी : मिरच्या, धणे आणि गरम मसाले उन्हात तापवून, भाजून कांडतात, पूर्वी उखळात, आता डंकावर. अर्धवट वाळलेल्या मिरचीत विषारी बुरशी वाढू शकते आणि ती रंगाने ओळखू येत नाही, म्हणून देठ कटकन मोडेपर्यंत ऊन द्यावे लागते. बोंबील, सुकट, वाकट्या, सोडे हा बेगमीचा मोठा भाग. उत्तनसारख्या किनाऱ्यावरच्या गावांतून तो येतो आणि त्याचे तंत्र स्वतंत्र विषय आहे.

स्थित्यंतर : १९६० च्या दशकात ठाणे–बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात पाच जणांचे प्राण गेले. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. बेगमीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की खाजणातले भात, बांधावरचे वाल आणि मिठागरातले मीठ घरचे राहिले नाही. घणसोली, करावे, दिवाळे अशा गावठाणांत आंब्या-फणसाची थोडी झाडे उरली. बाकी माल तुर्भ्याच्या मसाला बाजारातून, दाणाबंदर या धान्यबाजारातून आणि आठवडी बाजारांतून येऊ लागला. हंगाम आणि हातची पद्धत मात्र पिकाबरोबर गेली नाही. जमिनीशी नाते तुटल्यावरही ज्या बायकांनी हे ज्ञान चालू ठेवले, त्यांचे श्रम शहराच्या इतिहासात मोजले गेले पाहिजेत.

आजचे स्वयंपाकघर : घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नेरूळ-खारघरच्या सदनिकेत ऊन मिळते ते बाल्कनीच्या जाळीतून, तेही काही तास. सकाळची लोकल गाठणाऱ्या घरात वाल भिजवणे, मोड आणणे आणि सोलणे हे दोन दिवसांचे काम रविवारवर जाते. म्हणून सोललेल्या डाळिंब्या एकदम करून, उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटे काढून, गार करून फ्रीजरमध्ये ठेवण्याची रीत पसरली आहे. हे उकळणे टाळू नये; दाण्यातल्या विकरांची (एन्झाइमांची) क्रिया गोठूनही संथपणे चालूच राहते आणि चव उतरते. कैरीच्या फोडी आंबट असल्याने तशाच गोठवल्या तरी चालतात.

कुंडीतल्या मिरच्या, सोसायटीच्या आवारातला शेवगा, गावाहून आलेली कैरी असा थोडा थोडा घरचा माल आता एकत्र करून साठवला जातो. त्यात एक नवी पद्धत धोक्याची आहे : ओली लसूण वाटून नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवणे. लसूण कैरीसारखी आंबट नसते. तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशा जागी, आंबटपणा पुरेसा नसेल तर, बोट्युलिझमचे विष निर्माण करणारा जंतू वाढू शकतो. वास किंवा रंग बदलेलच असे नाही. अशी लसूण थोडीच करावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपवावी. जास्त हवी असल्यास लहान वड्या करून गोठवावी.