फॉर्मॅल्डिहाइड: बरणीतला आणि ताऱ्यांमधला

प्रयोगशाळेत जतन केलेल्या नमुन्यांच्या बरणीचं झाकण उघडलं की नाकात जाणारा आणि डोळे चुरचुरवणारा तो वास फॉर्मॅल्डिहाइडचा. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन, एवढाच हा रेणू. मेलेले जीव टिकवणारं हे विषारी रसायन जीवसृष्टीच्या उगमाच्या चर्चेत मात्र बऱ्याच काळापासून आहे.

१८६१ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र बुटलेरोव यांना फॉर्मॅल्डिहाइड चुन्याच्या निवळीबरोबर तापवल्यावर गोडसर पाक मिळाला. ही फॉर्मोस अभिक्रिया पाहण्यासारखी असते. बराच वेळ काहीच घडत नाही, मग नितळ द्रावण एकाएकी पिवळं पडतं आणि पुढे तपकिरी होतं. फॉर्मॅल्डिहाइडचे दोन रेणू जुळून ग्लायकोलाल्डिहाइड हा शर्करेसारखा साधा रेणू बनायला वेळ लागतो. ते थोडं जरी बनलं, तरी पुढची साखळी झपाट्याने वाढते. यात डझनावारी शर्करा बनतात. पेशीत आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या आरएनए या रेणूला लागणारी रायबोज त्यात अगदी थोडी, आणि तीही लवकर विघटित होणारी. ‘अवकाशात जीवनाचं बीज सापडलं’ असे मथळे वाचताना ही अडचण विसरून चालणार नाही.

ताऱ्यांच्या दरम्यानच्या विरळ वायूत अतिनील किरणांपुढे अनेक अणूंचे रेणू टिकणार नाहीत, असा समज पुष्कळ काळ होता. मार्च १९६९ मध्ये स्नायडर, बुल, झुकरमन आणि पामर यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या १४० फुटी रेडिओ दुर्बिणीने सुमारे ६ सेंटीमीटर तरंगलांबीवर फॉर्मॅल्डिहाइडची खूण टिपली. आंतरतारकीय अवकाशात सापडलेला हा पहिला बहुअणवीय सेंद्रिय रेणू. तो तिथे बनतो कसा? दाट मेघांत धूलिकण किरणांना अडवतात. उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत त्या कणांवर कार्बन मोनॉक्साइड गोठतो, आणि त्याला हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटत जातात. दोन चिकटले की फॉर्मॅल्डिहाइड, चार चिकटले की मिथेनॉल. बुटलेरोव यांच्या साखळीतली पुढची कडी, ग्लायकोलाल्डिहाइड, २००० साली आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या सॅजिटेरियस बी२ मेघात आढळली.

१९६९ च्याच सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन उल्का कोसळली होती. २०१९ मध्ये जपानी संशोधकांच्या नेतृत्वाखालील चमूला तिच्या चूर्णात रायबोज सापडली. त्या शर्करेत जड कार्बनचं (कार्बन-१३) प्रमाण पृथ्वीवरच्या जैविक शर्करांपेक्षा बरंच जास्त निघालं. म्हणजे ती इथल्या मातीतून उल्केत शिरलेली नव्हती.